वीस मिनिटं उशिरा लागणारे दिवे

कोक्कोला, फिनलंड, ८ जानेवारी

प्रिय रायलीताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. सगळ्यात आधी महत्त्वाचं: मी पडलेलो नाही. (तुझ्या प्रत्येक पत्राची शेवटची ओळ 'आणि पडू नकोस' अशी असते, म्हणून या वेळी उत्तर पहिल्या ओळीत देऊन टाकलं.) खांद्याचं हाड नीट सांधलंय, थंडीत थोडं कुरकुरतं, पण या वयात कुरकुरत नाही असं माझ्याकडे दुसरं काही उरलेलंही नाही. तुझा नवा गुडघा जुन्यापेक्षा बरा चालतो असं लिहिलंस. वाचून आनंद झाला. मग त्याला घेऊन एकदा इकडे ये की. स्वीडनहून बोट अजून सुटते म्हणतात. नाताळचं पार्सल पोचलं. आल्याची बिस्किटं तुझ्याकडून निघाली तेव्हा बिस्किटंच असणार, इथे आली तेव्हा भुगा झाला होता, पण चव शाबूत आहे. मी चमच्याने खातो. मोजे मात्र एक नंबर, सॉनानंतर तेच घालतो.

पार्सलातल्या कार्डावर तू यंदाही तेच विचारलंस: 'हेल्लेवीशी बोललास का?' हे चौथं वर्ष. पहिल्या तीन वर्षांत मी काय उत्तर दिलं ते मला आठवतंय. एकदा बर्फ किती पडलं ते कळवलं, एकदा समुद्र कधी गोठला ते, आणि गेल्या वर्षी खांद्याचा एक्स-रे पाठवला. तुला काय वाटलं असेल ते तू लिहिलं नाहीस, हा तुझा चांगुलपणा. या वेळी नीट उत्तर देतो. फोनवर जमणार नाही. फोनवर आपण दोघं मिळून सात वाक्यं बोलतो आणि त्यातली चार थर्मामीटरची असतात. तेव्हा कॉफी ओतून घे, चष्मा लाव आणि बस.

शेजारच्या ओइवाच्या अंत्यविधीला तुला येता आलं नव्हतं, त्यामुळे तिथे नेमकं काय झालं ते तुला ठाऊक नाही. मीही आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आपली रीत तू विसरली नसशील: एकेकाने शवपेटीपाशी जायचं, फुलं ठेवायची, फुलांसोबतच्या कार्डावरचा मजकूर मोठ्याने वाचायचा, मान लववायची आणि जागेवर येऊन बसायचं. माझं कार्ड लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या होत्या. माझ्या आधी बंदरावरचे त्याचे सोबती गेले. त्यांच्या कार्डावर चक्क कविता होती, समुद्र, शेवटचा किनारा, यमक सगळं जागच्या जागी. नंतर मी. कार्ड उघडलं, 'ओइवा' एवढा एक शब्द वाचला आणि पुढचं वाक्य डोळ्यांसमोर असून तोंडातून फुटेना. वाटलं, या कवितेनंतर मी हे वाचलं तर लोक हसतील. मी कार्डाची घडी घातली, कोटाच्या खिशात टाकली आणि परत येऊन बसलो. पहिल्या बाकावरून त्याची हेल्लेवी माझ्याकडे बघत होती. नंतरच्या कॉफीच्या वेळी मी माशाचे पाव दोन बशा भरून खाल्ले आणि तिच्याशी एक अक्षर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी जायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल बोललो नाही, आज कुठल्या तोंडाने जाऊ. आठवड्याने वाटलं, आता तर आठवडा झाला. उशीर ही अशी चीज आहे ताई, आपण काही केलं नाही तरी ती वाढतच राहते. तो कोट मी कपाटात टांगला तो टांगलाच. आणि त्यानंतर हेल्लेवी पत्रपेटीपाशी दिसली की मी दाराआड उभा राहून ती आत जाईपर्यंत थांबायला लागलो. (हे आपल्याकडे सगळेच करतात आणि त्याला सभ्यपणा म्हणतात, त्यामुळे माझा भित्रेपणा कुणाच्या लक्षातसुद्धा आला नाही. देशाचे उपकार.)

आता दिव्यांकडे येतो. सत्तावीस वर्षं नाताळच्या चार आठवडे आधीच्या शनिवारी मी आणि ओइवा दोन्ही घरांच्या वळचणीला दिवे लावायचो. शिडीवर मी, खाली शिडी धरायला ओइवा. आधी त्याचं घर, मग आमचं. दिवसभरात बोलणं किती, तर 'जरा डावीकडे' आणि 'कॉफी'. माझी आउने म्हणायची, तुम्ही दोघं एवढं बोलता की त्या दिवशी रेडिओ लावावा लागत नाही. (ही तिची थट्टा होती. मला कळायला पाच वर्षं लागली.) आउने गेली त्या वर्षीसुद्धा शनिवारी सकाळी ओइवा शिडी घेऊन दारात हजर. म्हणाला, धरू का? त्या एका वाक्यावर मी तो हिवाळा काढला.

ओइवा गेल्यावर मी शिडी पन्हळीच्या नळाला दोरीने बांधून एकटाच चढू लागलो. माझं घर उजळायचं. शेजारचं घर मात्र तीन हिवाळे काळोखात. खिडकीत तिने दिव्यांची कमान ठेवलेली असायची, पण वळचण ओकीबोकी. रोज दुपारी तीन वाजता, म्हणजे अंधार पडताच, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते घर बघायचो आणि मला स्वतःची लाज वाटायची. जाऊन एवढंच म्हणायचं होतं, 'हेल्लेवी, तुझेही लावून देऊ?' पण ती म्हणाली असती, आधी ते कार्ड दाखव. म्हणाली नसती, मला माहीत आहे. पण मला तसं वाटायचं.

गेल्या वर्षी मी शिडीवरून हेल्लेवीच्या त्या काळ्या बेरींच्या झुडपात पडलो, ते तुला कळवलंच होतं. आमच्या तुइरेने तांपेरेहून येऊन शिडीच जप्त केली. कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेली. बापाचा असा बंदोबस्त करणारी पोरगी कुणावर गेली ते मी लिहीत नाही, तू आरशात बघ. आणि या नोव्हेंबरात तिने ते यंत्र बसवून दिलं. पन्हळीखाली छपराच्या रंगाची लांबलचक पेटी. रिमोटचं बटण दाबलं की पेटीचं झाकण सरकतं आणि दिव्यांच्या पागोळ्या खाली उतरतात. पुन्हा दाबलं की सगळं वर ओढून पेटीत गडप. शिडी नको, माणूस नको. तुइरेने पत्रकातून वाचून दाखवलं: 'आता कुणाच्याही मदतीची गरज नाही.' ती खुशीत होती, म्हणून मी मान डोलावली. पण खरं सांगू, ते वाक्य मला आवडलं नाही.

फिटर एवढ्या लांबून येणारच आहे, तर शेजारच्यांचंही करून टाकू, म्हणून तुइरेने हेल्लेवीच्या भाचीला फोन केला. दोन्ही घरांना एकाच दिवशी पेट्या बसल्या. फिटर रुओहोनेन नावाचा, पन्नाशी उलटलेला, सावो प्रांतातला. त्या लोकांबद्दल म्हणतात ते खोटं नाही: ते बोलायला लागले की जबाबदारी ऐकणाऱ्याची. दोन्ही रिमोट त्याने आपल्या गाडीच्या टपावर ठेवले, मोटरला आवाज कसा येत नाही यावर अर्धा तास बोलला, मग एक रिमोट माझ्या हातात दिला, एक कुंपणापलीकडे हेल्लेवीच्या हातात. ती माझ्याकडे बघून मान हलवून आत गेली. मीही हलवली. तीन वर्षांतलं आमचं तेवढंच संभाषण.

पहिल्या दिवशी बरोब्बर तीनला मी पुढच्या दारात उभा राहिलो आणि बटण दाबलं. आता एक गोष्ट ध्यानात घे. आपल्याच घराच्या वळचणीचे दिवे घरातून दिसत नाहीत. अंगणातलं बर्फ पिवळं झालं की समजायचं, लागले. बर्फ पांढरंच. पुन्हा दाबलं. पांढरंच. बाहेर उणे चौदा, पायांत तुझेच जुने मोजे. वैतागून आत आलो, वर्तमानपत्र उघडलं, आणि वीस मिनिटांनी बघतो तर अंगण लख्ख पिवळं. दुसऱ्या दिवशी तेच. तीनला दाबलं, तीन वीसला लागले. तिसऱ्या दिवशी तेच. तेव्हा मी निष्कर्ष काढला की या यंत्राला तापायला वीस मिनिटं लागतात. यात मला काही वावगं वाटलं नाही. सॉनाच्या भट्टीला तासभर लागतो, मला सकाळी त्याहून जास्त. चौथ्या दिवसापासून मी वीस मिनिटं आधी, दोन चाळीसलाच दाबायला लागलो, म्हणजे तीनला लागतील. तरी लागले तीन वीसलाच. मी तुइरेला फोनवर सांगितलं की यंत्र आपल्या मनाचं आहे, पण प्रामाणिक आहे.

इकडे हेल्लेवीची काळजी वाटायला लागली होती. स्वयंपाकघरातून बघावं तर तिचे दिवे भलत्याच वेळी बाहेर. कधी दुपारी दोन चाळीसला, उजेड असताना. एक दिवस तर मी दारात उभा राहून चिडून चार वेळा बटण दाबलं आणि आत येऊन बघतो तर तिच्या पागोळ्या अर्ध्यावर लोंबकळत थरथरताहेत. मनात म्हटलं, बाईला एकटेपणाने ग्रासलं. म्हातारपणी असं होतं, माणूस बटणांशी खेळायला लागतो. (हो, हे मीच म्हटलं. कुणी? मी.)

उलगडा झाला तो सहाव्या दिवशी, आणि डोक्याने नव्हे, बुडाने झाला. कॉफी करून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलो तर खाली काहीतरी टोचलं. समोर हेल्लेवीच्या वळचणीला दिवे उतरले. मी दचकून उठलो. काय टोचलं म्हणून बघायला लागलो, काही दिसेना, पुन्हा बसलो. दिवे वर गेले. उठलो. बसलो. उतरले. ताई, बहात्तराव्या वर्षी, हातात कपबशी घेऊन, मी शेजारणीच्या घराकडे तोंड करून पाच उठाबशा काढल्या, तेव्हा कुठे टाळक्यात प्रकाश पडला की रिमोट माझ्या मागच्या खिशात आहे. आणि तो रिमोट तिच्या घराचा आहे. म्हणजे माझा तिच्याकडे. म्हणजे माझ्या यंत्राला तापायला वीस मिनिटं लागत नव्हती. ती कुणीतरी दुसरंच लावत होती.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? वीस पावलं चालून बेल वाजवली असती आणि रिमोट बदलून घेतला असता. मीही निघालो होतो. पायात बूट चढवले, टोपी घातली, दाराच्या कडीला हात लावला. आणि वाटलं, तीन वर्षांनी पहिल्यांदा दार वाजवायचं ते काय म्हणून? 'माझं यंत्र परत दे' म्हणून? ओइवाबद्दल एक शब्द नाही, आणि यंत्राबद्दल बोलायला धावत आला. टोपी काढली. बूट काढले.

मग दुसऱ्या दिवशी तीनला मी काय केलं ते ऐक. खिडकीशी उभा राहिलो आणि एकदाच, नीट, हेल्लेवीच्या घराकडे बघत बटण दाबलं. तिच्या वळचणीचे दिवे टोकापासून टोकापर्यंत उतरले. तीन हिवाळे काळं राहिलेलं ते घर मी लावलं. शिडी नाही, काही नाही, नुसतं अंगठ्याने, पण मी लावलं. मला फार बरं वाटलं. ओइवा असता तर म्हणाला असता, 'जरा डावीकडे.' आणि तीन वीसला माझं अंगण पिवळं झालं. त्या दिवसापासून रोज तीनला मी तिचं घर लावायचं, तीन वीसला तिने माझं. रात्री नऊला मी तिचं मिटवायचं, तिने माझं. तिला हे कळलंय की नाही ते मला कळेना, आणि विचारायची सोय नव्हती. सहा डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनाच्या संध्याकाळी, खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या तेव्हा तिच्याही खिडकीत दोन दिसल्या, पण त्या तर सगळ्या देशाच्या खिडकीत असतात. चोवीस तारखेला स्मशानात आउनेपाशी मेणबत्ती ठेवली. चार ओळी पलीकडे ती ओइवापाशी वाकलेली. आम्ही मान हलवली. एवढं बर्फ, एवढ्या ज्योती, आणि मला ओइवाच्या दगडापर्यंत जाता आलं नाही.

नाताळनंतरच्या गुरुवारी तीनला मी तिचं घर लावलं. कॉफी घेतली. तीन वीस झाले. अंगण पांढरंच. म्हटलं, घड्याळ पुढे असेल. तीन पंचवीस. रेडिओवर बातम्या लागल्या, त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. तीन तीस. एवढ्या दिवसांत तिचे वीस मिनिटांचे बावीस कधी झाले नव्हते. मग डोळ्यांपुढे नाही नाही ते यायला लागलं. तिच्या मागच्या पायऱ्यांवर बर्फ साचतं, ते ओइवा काढायचा. ती पडली असेल. काल पडली असेल. नाही, काल दिवे लागले होते. मग सकाळी पडली असेल आणि मी इथे कॉफी पितोय. मी घाबरलो, ताई. आउनेच्या वेळी घाबरलो होतो तसा. हाताला लागला तो कोट चढवला, टॉर्च घेतला आणि कुंपणापाशी गेलो. तिथे उभा राहिलो. हो, त्यातही उभा राहिलो, खोटं कशाला लिहू. समजा तिला काही झालं नसेल, तर मी काय सांगणार? शेवटी मनाशी म्हटलं, एन्सिओ, माणूस मेलं असलं तर सांगावं लागणार नाही आणि जिवंत असलं तर लाज वाटू दे. आणि गेलो.

बेलला हात लावायच्या आत दार उघडलं. हेल्लेवी समोर, ठणठणीत, एका हातात रिमोट, दुसरा हात कमरेवर.

"मेले की काय ते बघायला आलास?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो."

"तीन चाळीस झालेत. वीस मिनिटं लावलीस. मी तुला दहा दिली होती."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"काय?"

"की तुझ्याकडचा रिमोट माझ्या घराचा आहे."

"पहिल्या दिवसापासून. मी काय डोळे मिटून बटण दाबते? मी दाबलं आणि तुझं घर पेटलं. म्हटलं, येईल आता बदलून न्यायला. आला नाहीस. मग म्हटलं, राहू दे, आधी कॉफी पिऊ, नंतर याचं लावू. बूट काढ आणि आत ये, ऊब बाहेर चाललीय."

म्हणजे वीस मिनिटं ती अशी होती. यंत्राला तापायला नव्हे, हेल्लेवीची कॉफी संपायला लागायची.

सेल संपलेत, ती म्हणाली, म्हणून आज दिवे नाहीत. घरात नवे नाहीत. मी माझ्या टॉर्चमधले दोन काढून रिमोटात घातले. मग तिने वेलदोड्याचा गोड पाव, पुल्ला, कापला, कॉफी ओतली. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून मी त्या दिवशी साखरेच्या डब्यातली साखरही घेतली, जी मी कधी घेत नाही. आणि हात गरम करायला कोटाच्या खिशात घातला (त्या गडबडीत मी कोट अंगावर ठेवूनच बसलो होतो) तर बोटांना कागद लागला. तेव्हा कळलं की हाताला लागला तो कोट कुठला होता.

मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. ती ओळखून बसली होती. म्हणाली, "वाच. तिथे वाचायचं होतंस ते इथे वाच." मी उभा राहिलो. बसून वाचायची रीत नाही. आणि वाचलं: "ओइवा, शिडी धरल्याबद्दल आभार. एन्सिओ."

तिने माझ्या हातातलं कार्ड घेऊन उलटून बघितलं. मग म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"तीन वर्षं मी डोकं फोडून घेतलं की या माणसाने असं काय लिहिलं होतं जे माझ्यादेखत वाचवलं नाही. मला वाटलं, ओइवाकडून तुझं काहीतरी वाईट झालं असणार. वाटलं, आम्ही तुला कधी दुखवलं असणार. आणि तू शिडीचे आभार मानत होतास?"

"शिडीचे नाही. धरल्याचे."

यावर ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मीही. दोघांनी एकमेकांकडे न बघता कॉफी संपवली. मग ती म्हणाली की ओइवा त्या शनिवारची वर्षभर वाट बघायचा. त्याला उंचीची भीती वाटायची, म्हणून तो खाली, आणि ते त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. सत्तावीस वर्षं मी वर चढून त्याच्यावर उपकार करतोय की तो खाली राहून माझ्यावर, हा हिशेब मला लागत नव्हता. आता तो लावायची गरजही वाटत नाही. मी तिला म्हटलं, जे त्या दिवशी म्हणायला हवं होतं: "हेल्लेवी, ओइवा गेल्याचं मला फार दुःख झालं. अजून होतं." ती म्हणाली, "माहीत आहे. पण ऐकून बरं वाटलं." कार्ड तिने ठेवून घेतलं. फ्रिजवर लावलंय, दातांच्या डॉक्टरच्या तारखेशेजारी.

मी निघालो तेव्हा टॉर्च रिकामा. तिने दारातून बटण दाबलं आणि माझ्या घराच्या पागोळ्या उतरल्या. त्या उजेडात मी घरी आलो. माझ्या घराची रोषणाई मी समोरून, त्या बाजूने, पहिल्यांदाच नीट बघितली. चांगली दिसते. तुइरेला तसं कळवलंय.

आता नूत्तीचा दिवस पाच दिवसांवर आलाय. तेराला नाताळ घराबाहेर काढायचा आणि दिवे आत. त्यानंतर एखाद्याच्या वळचणीला दिवा दिसला तर आळीत काय बोलतील ते तुला माहीत आहे. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत आमच्या दोन्ही पेट्या बंद. हेल्लेवीला मी काल म्हटलं, मग कसं? ती म्हणाली, त्यात कसं काय, दिवे नसले की तीनला तू इकडे कॉफीला यायचं, नाहीतर तू जिवंत आहेस हे मला कळायचं कसं. ती हे पायऱ्यांवर मीठ टाकता टाकता म्हणाली, माझ्याकडे न बघता. मी बरं म्हटलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बोललो.

गुडघ्याला आणि तुला जप. बर्फावरून चालताना खाली बघ.

तुझा धाकटा भाऊ,
एन्सिओ

ता. क. १. हे पत्र लिहायचं खरं कारण आता लिहितो, कारण वर लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलंच नसतंस, थेट फोन उचलला असतास. तुइरेने त्या रुओहोनेनला तेरा तारखेला बोलावलंय. रिमोट बदलले गेलेत हे माझ्याच तोंडून निसटलं, आणि पोरगी म्हणाली, रिमोटच नकोत, दोन्ही घरं मोबाइलवर घेऊ, पुढच्या वर्षीपासून तीच तांपेरेहून बटण दाबेल, आम्हाला काही करावंच लागणार नाही. ताई, ती जगात फक्त तुला घाबरते. तिला सांग की बाबाला काहीतरी करावं लागलंच पाहिजे, डॉक्टरांनी सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी ते विचारलं तर स्वीडनच्या म्हण. आणि तो फिटर आलाच, तर मी त्याला रिमोट सापडत नाही असं सांगणार आहे. हेल्लेवीही तेच सांगणार आहे. आम्ही ठरवलंय.

ता. क. २. त्या गुरुवारचं एक लिहायचं राहिलं. साखर घेताना डब्यात बोटांना थंड काहीतरी लागलं. साखरेच्या खड्यांखाली दोन सेल. हेल्लेवी दूध आणायला वळली होती. मी साखर घेत नाही हे तिला ओइवाकडून ठाऊक असणार, म्हणून तिथे लपवले असावेत. संपलेले सेल कुणी साखरेत लपवत नाही, पण मी काही बोललो नाही, मुठीत घेतले. घरी येऊन टॉर्चमध्ये घातले, टॉर्च हेल्लेवीच्या कुंपणापर्यंत लख्ख. तिला यातलं काही लिहू नकोस. टॉर्चसाठी मी नवे सेल आणलेत. ते दोन कोटाच्या खिशात ठेवलेत, जिथे कार्ड असायचं.